अंगात ताप, हातात सत्ता

२२ ऑक्टोबर १९५६ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांना सर्दी झाली होती. निदान त्यांच्या कार्यालयाने भेटीगाठी रद्द करताना तसं सांगितलं. प्रत्यक्षात लॉइडसाहेब पॅरिसजवळच्या सेव्र नावाच्या उपनगरात एका बंगल्यात येऊन बसले होते. समोर इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरियन, लष्करप्रमुख मोशे दायान आणि तरुण शिमॉन पेरेस, यजमान फ्रेंच. इजिप्तचा अध्यक्ष नासर याने जुलैत सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं होतं आणि त्याला धडा शिकवण्यासाठी तिथे एक नाटक रचलं जात होतं. २९ तारखेला इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा. मग ब्रिटन आणि फ्रान्सने, आपल्याला काही माहीतच नव्हतं अशा थाटात, दोघांनाही कालव्यापासून दहा मैल मागे सरण्याचा निर्वाणीचा इशारा द्यायचा. इजिप्त तो धुडकावणार हे गृहीतच. धुडकावला की शांतता राखण्याच्या नावाखाली कालव्यावर उतरायचं.

दोन दिवसांनी हा बेत कागदावर उतरला. त्यावर ब्रिटनच्या वतीने सही केली ती पॅट्रिक डीन या अधिकाऱ्याने. डीन संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. सगळ्या हेरखात्यांकडून आलेली माहिती पारखून, गाळून पंतप्रधानांपुढे ठेवायची हे त्या समितीचं काम. तिचा प्रमुखच कटाच्या कागदावर सही करून आला आणि समितीला त्याची खबर नव्हती. लंडनमध्ये पंतप्रधान अँथनी ईडन हादरले ते मात्र वेगळ्याच कारणाने : असलं काही लिहून ठेवायचं नसतं! दुसऱ्याच दिवशी डीन यांना पुन्हा पॅरिसला पिटाळण्यात आलं, सगळ्या प्रती नष्ट करून या म्हणून. फ्रेंचांनी दाद दिली नाही. इस्रायलची प्रत तोवर बेन गुरियन यांच्याबरोबर मायदेशी निघून गेली होती. ब्रिटिशांनी आपली प्रत नष्ट केली. आज जगाला तो करार वाचता येतो तो इस्रायलने जपून ठेवलेल्या प्रतीमुळे.

या ईडन यांच्या अंगात ताप होता, अगदी तापमापकावर मोजता येईल असा. एप्रिल १९५३ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत त्यांची पित्तनलिका दुखावली गेली. मग दुसरी शस्त्रक्रिया, आणि जूनमध्ये बॉस्टनला जाऊन तिसरी. जीव वाचला, पण अधूनमधून जंतुसंसर्ग होऊन हुडहुडी भरायची आणि ताप चढायचा, ते दुखणं मागे लागलं ते लागलंच. ५ ऑक्टोबर १९५६ रोजी, सेव्रच्या बैठकीआधी जेमतेम अडीच आठवडे, ते पत्नीला भेटायला इस्पितळात गेले आणि तिथेच कोसळले. ताप १०६ अंशांवर गेला. काही दिवसांत साहेब पुन्हा कामावर. झोपेसाठी एक गोळी, तरतरीसाठी दुसरी. त्यांना दिलं जाणारं ड्रिनामिल हे ॲम्फेटामिन आणि बार्बिट्युरेट यांचं मिश्रण होतं. एकाच घोड्याला टाच मारायची आणि लगामही खेचायचा, असा तो प्रकार. अशा औषधांनी माणूस चिडचिडा होतो, झोप उडते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्वतःच्या निर्णयाबद्दल अवाजवी खात्री वाटू लागते. डेव्हिड ओवेन स्वतः डॉक्टर, शिवाय १९७७ ते १९७९ या काळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री. सत्ताधीशांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी ईडन प्रकरण बारकाईने तपासलं आहे. सुएझच्या निर्णयांवर या आजाराचा आणि औषधांचा परिणाम झाला, असं त्यांचं मत. सगळ्याच इतिहासकारांना ते पटत नाही. मला बऱ्याच अंशी पटतं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. कारण आजारी पंतप्रधान ही या गोष्टीची अर्धीच बाजू आहे.

दुसरी बाजू हेरखात्याची. १९५५ च्या अखेरीपासून ब्रिटनच्या एमआय-सिक्स या हेरसंस्थेकडे कैरोतल्या सत्तावर्तुळातल्या एका स्रोताच्या हवाल्याने अहवाल येऊ लागले. स्रोताचं टोपणनाव ‘लकी ब्रेक’. नासर सोव्हिएत रशियाच्या पुरता कह्यात चालला आहे, असा त्या अहवालांचा सूर होता. पुढे अभ्यासकांनी या स्रोताच्या विश्वासार्हतेवर दाट शंका घेतली. पण ईडन यांना त्या वेळी नेमकं हेच ऐकायचं होतं. नासर म्हणजे नवा मुसोलिनी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांचे कनिष्ठ मंत्री अँथनी नटिंग यांनी नंतर सांगितलं की ईडन फोनवर चक्क नासरच्या खुनाची भाषा बोलले होते. तापलेल्या डोक्याला हवी ती खबर मिळाली, आणि खबरेला हवं ते गिऱ्हाईक.

तरीही सुएझ टळलं असतं. परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार जेराल्ड फिट्झमॉरिस यांचं मत स्पष्ट होतं की अशा बळाच्या वापराला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार नाही. त्यांना बाजूला ठेवण्यात आलं. नौदलप्रमुख होते आपल्या परिचयाचे लॉर्ड माउंटबॅटन. त्यांनी विरोध नोंदवला, पण पद सोडलं नाही. नटिंग यांनी राजीनामा दिला, तोही बॉम्ब पडायला लागल्यावर. डॉक्टर गोळ्या देत राहिले, सचिव भेटी रद्द करत राहिले, गुप्तवार्ता समितीचा अध्यक्ष सही करून आला. यांतला प्रत्येकजण शहाणासुरता होता आणि प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेने डोळे वटारले, पौंड गडगडला, ६ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. कालवा पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत बंद राहिला आणि मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. ईडन विश्रांतीसाठी जमैकाला गेले ते ‘गोल्डनआय’ नावाच्या बंगल्यात. तो बंगला इयान फ्लेमिंगचा, जेम्स बाँडच्या जन्मदात्याचा! काल्पनिक हेराच्या घरात खरा पंतप्रधान तब्येत सावरत बसला, हे कादंबरीत कुणी लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. परत आल्यावर २० डिसेंबरला त्यांनी संसदेत सांगितलं की इस्रायलच्या हल्ल्याची पूर्वकल्पना ब्रिटनला नव्हती. ९ जानेवारी १९५७ रोजी राजीनामा दिला तो प्रकृतीच्या कारणावरून. जे दुखणं चार वर्षं झाकून ठेवलं होतं, ते बाहेर पडण्याच्या दाराशी उपयोगी आलं.

इतक्या विस्ताराने हे सांगितलं, कारण प्रस्तुत पुस्तकाचा विषय या एका प्रकरणात जवळजवळ पूर्ण सामावला आहे. सत्ताधीशाचं मन ठिकाणावर नसणं हे एक संकट, आणि हेरखात्याचा माणूस बेभरवशाचा निघणं हे दुसरं. पुस्तकं बहुधा या दोहोंचा वेगवेगळा विचार करतात. पहिल्यावर डॉक्टर लिहितात, दुसऱ्यावर निवृत्त हेर. माझं मत असं की सुटंसुटं आलेलं यांतलं कुठलंही संकट बऱ्यापैकी मुरलेलं राज्य पचवू शकतं. आजारी राजाभोवती खरी माहिती असेल तर कारभार चालतो. खबऱ्या खोटा असेल आणि राजा सावध असेल तर चार प्रश्न विचारून त्याला वाटेला लावता येतं. दोन्ही एकत्र आली आणि मधली माणसं गप्प बसली, की मात्र देशाची धडगत नसते. मधली माणसं म्हणजे डॉक्टर, खाजगी सचिव, पत्नी, खातेप्रमुख, विश्लेषक. या पुस्तकाचे खरे नायक आणि खलनायक तेच आहेत, मुखपृष्ठावर चेहरे इतरांचे असले तरी.

आणि ‘मन ठिकाणावर नसणं’ याचा अर्थ नाटक-सिनेमातलं वेड असा कुणी घेऊ नये. या पानांत भेटणाऱ्या सत्ताधीशांपैकी फारच थोड्यांना वेडा म्हणता येईल. कुणाला पक्षाघात झाला आहे, कुणाला स्मृतिभ्रंश जडतो आहे, कुणी औषधांच्या अंमलाखाली आहे, कुणी दारूच्या, आणि कुणी नुसतंच बारा-पंधरा वर्षं ‘हो’ ऐकण्याची सवय लागलेलं.

झाकाझाकीची कला फार जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ रोजी पक्षाघाताचा मोठा झटका आला, डावी बाजू गेली. पत्नी ईडिथ, डॉक्टर ग्रेसन आणि सचिव टमल्टी या तिघांनी मिळून ते देशापासून लपवलं. अध्यक्षांपर्यंत कोणता कागद जायचा आणि कोणता नाही, हे ईडिथबाई ठरवत. डिसेंबरात दोन सिनेटर खात्री करून घ्यायला आले, तेव्हा पांघरूण असं घातलं होतं की निकामी डावा हात दिसू नये, आणि हवे ते कागद उजव्या हाताशी ठेवले होते. पाहुणे पटून गेले. परराष्ट्रमंत्री लान्सिंग यांनी या काळात मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, तर विल्सन यांनी त्यांचाच राजीनामा मागून घेतला. व्हर्सायचा तह अमेरिकन सिनेटमध्ये दोनदा पडला तो याच महिन्यांत. विल्सन मार्च १९२१ पर्यंत खुर्चीवर होते.

ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांना २३ जून १९५३ रोजी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा वृत्तपत्रांचे मालक मित्रच असल्यामुळे एक ओळ छापून आली नाही. त्यांचे वारसदार त्या वेळी कुठे होते? बॉस्टनच्या इस्पितळात तिसऱ्या शस्त्रक्रियेतून उठत होते. वारसदार म्हणजे ईडन.

आपल्याकडेही हे नवं नाही. सवाई माधवराव पेशवे ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यातून खाली पडले ते तापाच्या भ्रमात, की त्यांनी जाणूनबुजून उडी घेतली, यावर पुण्यात आजही दोन तट पडतात. वाड्यावर नाना फडणिसांचा पहारा किती कडक होता हे आठवलं, की वाद न मिटण्याचं आश्चर्य वाटत नाही.

पण या बाबतीत सर्वांत मासलेवाईक साक्ष कौटिल्याची. मुंबई विद्यापीठाने १९६० च्या दशकात प्रा. कंगले यांची ‘अर्थशास्त्रा’ची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत काढली. जगभरचे अभ्यासक आज तिच्याच आधाराने बोलतात. पहिल्या अधिकरणात हेरांविषयी एक साधा नियम आहे : एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांनी तीच बातमी आणली तरच विश्वास ठेवावा, आणि ज्यांच्या बातम्यांत वारंवार विसंगती आढळेल त्यांना गुपचूप शिक्षा करावी किंवा काढून टाकावं. वाचताना वाटतं, अहो, हेच तर हवं होतं! मग पाचव्या अधिकरणाच्या शेवटाकडे यावं. राजा असाध्य आजारी पडला तर अमात्याने काय करावं? तर राजा राज्यावरचं अरिष्ट टाळण्यासाठी व्रतस्थ आहे असं सांगून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्याचं दर्शन घडवावं, आणि प्रसंगी राजाच्या वेशातला दुसराच माणूस दाखवावा. म्हणजे हेरांच्या बाबतीत इतका सावध असणारा ग्रंथकार राजाच्या आजाराच्या बाबतीत थेट ईडिथबाईंच्या पंगतीला जाऊन बसतो. कौटिल्याला मी दोष देत नाही. राजा गेल्याची हूल उठली तर शेजारी चाल करून येत, अशा काळात तो लिहीत होता. पण निवडणुका होणाऱ्या देशांतही राजवाड्याची ती रीत तशीच चालू राहिली, याचं नवल वाटतं.

आता हेरांकडे वळू. या भागातलं मला सर्वांत विचार करायला लावणारं प्रकरण १९८३ सालचं. केजीबीचे प्रमुख असताना यूरी आंद्रोपोव यांनी मे १९८१ मध्ये एक मोहीम सुरू केली. तिचं नाव ‘रायन’. अमेरिका आणि नाटो अचानक अण्वस्त्र हल्ला करणार आहेत, त्याची पूर्वचिन्हं जगभरच्या हेरांनी टिपायची. नोव्हेंबर १९८२ मध्ये आंद्रोपोव सोव्हिएत संघाचे सर्वेसर्वा झाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं. ऑगस्टनंतर ते लोकांना दिसलेच नाहीत. कारभार मॉस्कोबाहेरच्या इस्पितळातून चालला.

त्याच फेब्रुवारीत लंडनच्या केजीबी ठाण्याला सविस्तर हुकूम आला. संरक्षण मंत्रालयाच्या किती खिडक्यांत रात्री दिवे जळतात ते मोजा. अधिकाऱ्यांच्या गाड्या कधी येतात-जातात ते नोंदवा. रक्तपेढ्या रक्तदात्यांना जास्त पैसे देऊ लागल्या का ते पाहा. ब्रिटनमध्ये रक्तदान विनामोबदला असतं, हे मॉस्कोतल्या फर्मान लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं! ठाण्यावरच्या माणसांचा या सगळ्यावर काडीचाही विश्वास नव्हता. रात्री खिडक्यांत दिवे असतात ते झाडलोट करणाऱ्यांचे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीही त्यांनी दिवे मोजले आणि आकडे धाडले, कारण न धाडणारा नजरेत येतो. ते आकडे वाचून मॉस्कोची धास्ती वाढली, धास्तीपायी नवे हुकूम सुटले, नव्या हुकमांना नवी उत्तरं गेली.

१ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं मेली. नोव्हेंबरात नाटोचा ‘एबल आर्चर’ हा सराव झाला, तेव्हा तो सरावच आहे याची मॉस्कोत काहींना खात्री वाटेना. धोका नेमका किती जवळ आला होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सप्टेंबरच्या २६ तारखेला स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने पडद्यावर दिसणारी अमेरिकन क्षेपणास्त्रं यंत्रणेतल्या बिघाडाची आहेत असं ठरवलं आणि वर तसंच कळवलं, हे मात्र निर्विवाद. मधल्या माणसांपैकी तो एक.

याच लंडन ठाण्याच्या दारात त्या वर्षी एक खरा फितूर आपल्या पावलांनी चालत आला होता. मायकेल बेटनी हा ब्रिटनच्या एमआय-फाइव्ह या प्रतिहेर संस्थेचा अधिकारी. एकाकी, सतत दारूच्या आहारी गेलेला, आतून मोडत चाललेला. आणि हे संस्थेतल्या वरिष्ठांना दिसत होतं. १९८३ च्या ईस्टरच्या रविवारी त्याने केजीबीचे लंडनमधले प्रमुख आर्कादी गुक यांच्या घरच्या पत्रपेटीत गुप्त कागद टाकले आणि आणखी पुरवायची तयारी दाखवली. गुक यांना वाटलं, हा इंग्रजांनी लावलेला सापळा. त्यांनी उत्तरच दिलं नाही. खिडक्यांतले दिवे इमानाने मोजणाऱ्या ठाण्याने घरी चालून आलेलं घबाड नाकारलं. आणि गुक यांनी ही हकीकत ज्या सहकाऱ्याला सांगितली तो ओलेग गोर्दियेव्स्की १९७४ पासून ब्रिटिशांचा माणूस होता. त्याने ती एमआय-सिक्सला कळवली. बेटनीला पुढच्या वर्षी २३ वर्षांची शिक्षा झाली. मॉस्को खरोखर घाबरलेलं आहे, ही खबर थॅचर आणि रेगन यांच्यापर्यंत पोचवण्याचं कामही याच गोर्दियेव्स्कीने केलं. आपल्या देशाशी बेइमान झालेल्या माणसाने त्या वर्षी सर्वांत खरी बातमी दिली, आणि देशाशी इमान राखणाऱ्यांनी सर्वांत खोटी. विश्वासार्ह हेर म्हणजे कोण, या प्रश्नाला सरधोपट उत्तर नाही ते यामुळे.

अविश्वासाचाही रोग होऊ शकतो. सीआयएच्या प्रतिहेर विभागाचे प्रमुख जेम्स अँगलटन यांचा ब्रिटिश हेरखात्यातला जवळचा मित्र किम फिल्बी सोव्हिएत हेर निघाला, आणि त्यानंतर अँगलटन यांना आपल्याच संस्थेत सगळीकडे फितूर दिसू लागले. यूरी नोसेंको नावाचा केजीबी अधिकारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या आश्रयाला आला. तो खोटा आहे असं ठरवून त्याला खास बांधलेल्या कोठडीत डांबण्यात आलं, तेही खटला न चालवता. एकूण बंदिवास १,२७७ दिवसांचा. तो खरा होता. या अतिसंशयाचा वीट येऊन संस्था उलट टोकाला गेली आणि ऑल्ड्रिच एम्स हा कर्जबाजारी, दारूडा अधिकारी १९८५ पासून नऊ वर्षं रशियाला नावं विकत राहिला. साध्या सरकारी पगारावर त्याने रोखीने घर घेतलं, जॅग्वार गाडी घेतली. दोनदा खोटेपणा-तपासणीच्या यंत्रासमोर बसला आणि दोन्ही वेळा सुटला. त्याने नावं दिलेल्यांपैकी निदान दहा जणांना प्राणाला मुकावं लागलं. याहून वाईट गोष्ट १९९५ मध्ये उघड झाली : ज्या स्रोतांमागे बहुधा केजीबीच आहे अशी शंका सीआयएतल्या काहींना होती, त्यांचे अहवाल संस्था ती शंका न सांगता वर पाठवत राहिली. अध्यक्ष शुद्धीवर असून उपयोग काय, हातातला कागदच जर खोटा असेल?

आपल्याकडच्या प्रकरणांपैकी १९८५ चं कुमार नारायण प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. मुंबईच्या एका कंपनीचा हा दिल्लीतला माणूस. पंतप्रधान कार्यालयातले आणि मंत्रालयांतले कारकून, स्वीय सहायक त्याच्या हेली रोडवरच्या कचेरीत फायली घेऊन यायचे. तिथे त्यांच्या झेरॉक्स निघायच्या आणि व्हिस्कीच्या बाटल्या हातावर पडायच्या. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांचा स्वतःचा त्यात हात नव्हता, पण आपल्या कार्यालयातली माणसं सापडली म्हणून त्यांनी पद सोडलं. हेच अलेक्झांडर पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

पण माझ्या मते आपल्यासाठी जास्त शिकण्यासारखं प्रकरण १९६२ चं आहे, आणि त्यात फितूर कुणीच नाही. सीमेवर पुढे पुढे चौक्या उभारण्याचं धोरण नोव्हेंबर १९६१ मध्ये ठरलं. आपण चौक्या टाकल्या तरी चीन बळाचा वापर करणार नाही, हा त्यामागचा अंदाज इंटेलिजन्स ब्यूरोचे प्रमुख भोलानाथ मलिक यांचा होता. माहिती गोळा करणारा, तिचा अर्थ लावणारा आणि नेहरूंच्या कानाशी बसणारा माणूस एकच. कौटिल्याचे तीन हेर इथे एकाच खुर्चीवर होते. मैदानावरच्या सेनाधिकाऱ्यांनी शंका घेतल्या. त्यातले उमरावसिंग अडचणीचे वाटले म्हणून त्यांच्याकडून ती आघाडी काढून नव्या कोअरकडे आणि मर्जीतल्या बी. एम. कौल यांच्याकडे सोपवली गेली. कौल उंचावरच्या हवेत आजारी पडले, १८ ऑक्टोबरला दिल्लीला परतले आणि घरी अंथरुणावरून सूत्रं हलवत राहिले. २० तारखेला चीनने हल्ला केला. सेनापती अंथरुणात आणि अंदाज बांधणारा एकच माणूस! सुएझची गोष्ट सहा वर्षांनी हिमालयात घडली, फक्त कपटाचा भाग वगळून.

त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य आपण अजून छाती फुगवून म्हणतो. पण याच चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत पराभवाच्या चौकशीबद्दल निवेदन केलं, आणि ज्या अहवालाबद्दल ते बोलत होते तो हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही, हे त्याच्या जोडीला सांगायचं राहून जातं. १९६८ मध्ये ‘रॉ’ची स्थापना झाली ती या आणि १९६५ च्या अनुभवातून.

हे पुस्तक वाचताना एक धोका वाचकाने टाळावा : टीव्ही पाहून नेत्यांच्या रोगांचं निदान करण्याचा. १९६४ मध्ये एका अमेरिकन मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून बॅरी गोल्डवॉटर हे अध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का, असं विचारलं. १,१८९ जणांनी ‘नाही’ कळवलं. त्यांतल्या कुणीही गोल्डवॉटरना तपासलं नव्हतं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. न तपासलेल्या व्यक्तीबद्दल मत देऊ नये, असा नियम तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये केला. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. १९७२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगलटन यांना केवळ पूर्वी नैराश्यासाठी उपचार घेतले म्हणून माघार घ्यावी लागली. उपचार घेऊन बरा झालेला माणूस नाकारला जातो, आणि दुखणं लपवणारा निवडून येतो. मग लपवणार नाही तर काय करणार? आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा याबाबत शहाणा आहे. स्वतःच्या उपचारांबाबत प्रत्येक व्यक्ती निर्णयक्षम आहे असंच तो गृहीत धरून चालतो. म्हणून प्रश्न रोगाच्या नावाचा नसावा. हा माणूस आज समोरचा कागद समजून घेऊन निर्णय करू शकतो का, आणि करू शकत नसेल तर ते कुणी, कुणाला, कसं सांगायचं, हा प्रश्न असावा.

अमेरिकेने १९६७ मध्ये घटनेत पंचविसावी दुरुस्ती करून एक वाट काढली. अध्यक्ष असमर्थ असल्याचं उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत लेखी कळवू शकतं. हे कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही, कारण सही करायची ती पुन्हा मधल्याच माणसांनी. ब्रिटनमध्ये १९९४ पासून हेरसंस्थांवर खासदारांची समिती आहे. तिला सगळं सांगितलं जातं असं मुळीच नाही, पण विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे.

आपली घटना राष्ट्रपती आजारी पडले तर काय करायचं ते अनुच्छेद ६५ मध्ये सांगते. पंतप्रधान जागेवर असून निर्णय करण्याच्या स्थितीत नसतील, तर काय करायचं ते कुठेही सांगत नाही. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला नेहरूंना झटका आला आणि मे महिन्यात ते गेले. मधले महिने लालबहादूर शास्त्रींना बिनखात्याचं मंत्री करून निभावून नेले. ती सोय होती, व्यवस्था नव्हती. इंटेलिजन्स ब्यूरो आणि रॉ या दोन्ही संस्था संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत आणि संसदेच्या कुठल्याही समितीला त्यांच्या कामाचा जाब विचारता येत नाही. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये यासाठी खाजगी विधेयक आणलं होतं. ते तसंच पडून विरून गेलं.

पुढची प्रकरणं वाचकाने कुठल्याही क्रमाने वाचावीत. वाचताना प्रत्येक ठिकाणी हे कुणाला माहीत होतं आणि त्याने कुणाला सांगितलं, एवढं विचारत राहावं. आणि पुस्तक मिटल्यावर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला एक पत्र जरूर लिहावं : पंतप्रधानांच्या असमर्थतेबद्दल आणि हेरसंस्थांच्या देखरेखीबद्दल कायदा करण्याची मागणी तुम्ही सभागृहात कधी मांडणार आहात? खासदाराचा पक्ष कुठला का असेना.